सुपरहिरोने आपले राजकीय मत उघडपणे सांगावे का?

पानकोपरा (धागाकर्ता)
अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स वाचणाऱ्यांमध्ये एक वाद अधूनमधून डोके वर काढतो: या नायकांना लेखकाने स्पष्ट राजकीय विचारसरणी द्यावी की देऊ नये. "कॉमिक्समध्ये राजकारण आणू नका" असे म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. कॅप्टन अमेरिकाच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारताना दिसतो, आणि तो अंक डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या वर्षभर आधी, विक्रीला आला होता. त्याबद्दल त्याचे निर्माते ज्यो सायमन आणि जॅक कर्बी यांना धमक्याही आल्या होत्या. तेव्हा राजकारण या माध्यमात पहिल्यापासून आहेच.

माझा प्रश्न त्याहून नेमका आहे. दुर्बळाच्या बाजूने उभे राहणे ही मूल्याची गोष्ट झाली आणि एखाद्या युद्धाविरुद्ध बोलणे ही भूमिका झाली. पण हा नायक समाजवादी, तो बाजारवादी, तिसरा अमुक उमेदवाराचा समर्थक, अशा पाट्या लावल्या की पात्र लहान होते, असे मला वाटते. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या सुमारास डीसी या प्रकाशन कंपनीने 'डिसिजन्स' नावाची चार अंकांची मालिका काढली होती. तिच्यात ग्रीन ॲरो हा धनुर्धारी नायक एका काल्पनिक उमेदवाराला जाहीर पाठिंबा देतो आणि मग इतर नायकांमध्येही तट पडतात. चौथा अंक मिटल्यावर मला एकही प्रसंग आठवत नव्हता, कोण कोणाच्या बाजूला होते एवढेच आठवत होते. आपले मत काय?

जुनाअंक
धागाकर्त्यांनी कॅप्टन अमेरिकापासून सुरुवात केली, पण खरी सुरुवात त्याच्याही आधीची आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांचा १९३८ मधला सुपरमॅन आजच्या सुपरमॅनपेक्षा पुष्कळ तापट आहे. पहिल्याच कथेत तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो आणि शेवटी वॉशिंग्टनमधल्या एका लॉबिस्टला (पैसेवाल्यांसाठी खासदारांना वळवणाऱ्या दलालाला) उचलून टेलिफोनच्या तारांवरून धावत सुटतो. तिसऱ्या अंकात तो खाणमालकाला त्याच्या पाहुण्यांसकट त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवतो आणि कामगार कसे मरतात याचा अनुभव त्याला तिथेच देतो.

माझ्या आवडीची कथा मात्र 'ॲक्शन कॉमिक्स'च्या आठव्या अंकातली, जानेवारी १९३९ ची. गुन्हेगारीकडे वळलेली काही मुले सुपरमॅनला भेटतात. त्यांना दम देऊन प्रश्न सुटणार नाही, कारण दोष त्यांच्या वस्तीचा आहे, असे त्याच्या लक्षात येते. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या एका गावात सरकारने स्वस्त भाड्याची नवी घरे बांधल्याची बातमी तो वर्तमानपत्रात वाचतो आणि मग सरळ ती सगळी झोपडपट्टी, रहिवाशांना आधी बाहेर पडायला सांगून, स्वतःच्या हातांनी पाडायला घेतो. त्याला थांबवण्यासाठी सैन्य येते, विमाने बॉम्ब टाकतात आणि उरलेले पाडकाम त्या बॉम्बनीच पूर्ण होते. शेवटी पोलीसप्रमुख जाहीरपणे सुपरमॅनला पकडण्याची भाषा करतो आणि मनातून त्याचे कौतुक करतो. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या 'न्यू डील' या सरकारी मदत-योजनांच्या काळात गृहनिर्माणाबाबत याहून स्पष्ट राजकीय मत कसे मांडता आले असते, हे मला कोणी सांगावे.

तिरकसचाल
घरे बांधून होईपर्यंत ती कुटुंबे कुठे राहिली, हे सीगल-शूस्टर यांनी सांगितले नाही. सरकारी योजनांचे इतके वास्तव चित्रण कॉमिक्समध्ये पुन्हा झाले नाही.

अर्धविराम
जुनाअंक यांची माहिती उत्तम आहे, पण तिने धागाकर्त्यांचाच मुद्दा बळकट होतो. त्या सुपरमॅनने स्वतःला कुठलेही नाव लावले नव्हते. तो घर पाडतो, खाण बुजवतो आणि वाचक निष्कर्ष काढतो.

हा तापटपणा पुढे का गेला, हेही पाहिले पाहिजे. आधी युद्ध आले आणि नायक सरकारच्या बाजूने उभे राहिले. मग १९५४ मध्ये कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली, आला. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि मान्यवर संस्था यांचे चित्रण प्रस्थापित सत्तेविषयी अनादर निर्माण होईल अशा रीतीने कधीही करू नये, असे त्याच्या नियमांत लिहिलेलेच होते. कोडचा शिक्का नसलेला अंक बहुतेक विक्रेते ठेवत नसत. त्यामुळे ज्याला आपण सुपरहिरोचा जुना, निर्मळ, राजकारणविरहित काळ म्हणतो, तो नियमाने घडवलेला काळ होता. लॉबिस्टला तारांवर नाचवणारा सुपरमॅन त्या नियमात बसलाच नसता. सत्तेला प्रश्न न विचारणे हेही मतच आहे. फक्त ते संवादाच्या फुग्यात लिहावे लागत नाही.

एकवाचक
अर्धविराम यांच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

हिरवीवात
मला धागाकर्त्यांचे म्हणणे मान्य नाही. उघड मत मांडणाऱ्या कथांचा विषय निघाला असताना 'ग्रीन लँटर्न'च्या ७६ व्या अंकाचे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. एप्रिल १९७० चा अंक, लेखक डेनी ओनील, चित्रकार नील ॲडम्स. ग्रीन लँटर्न म्हणजे अंगठीच्या शक्तीने परग्रहांवरही कामगिरी करणारा नायक. कथेच्या आरंभी त्याला रस्त्यावर एक तरुण सुटाबुटातल्या एका माणसाशी धक्काबुक्की करताना दिसतो. तो सवयीप्रमाणे त्या माणसाला वाचवतो आणि आता टाळ्या पडतील या अपेक्षेने वळतो, तर वरून डबे आणि कचरा येऊन पडतो. तो माणूस त्या इमारतीचा मालक आहे आणि भाडेकरूंना बाहेर काढायला निघाला आहे, हे त्याला ग्रीन ॲरो सांगतो. त्यानंतर ते प्रसिद्ध पान येते. एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ त्याला विचारतात की निळ्या, नारिंगी आणि जांभळ्या कातडीच्या लोकांसाठी तू इतके केलेस असे मी वाचले आहे, मग काळ्या कातडीच्या लोकांसाठी काही केले नाहीस ते का? शेवटच्या चौकटीत ग्रीन लँटर्नची मान खाली आहे आणि त्याच्या तोंडून धड उत्तरही निघत नाही.

हे पान मी पंधराव्या वर्षी वाचले, आणि नायकाला उत्तर देता येत नाही अशी चौकट मी तोपर्यंत पाहिलेली नव्हती. याच मालिकेत ग्रीन ॲरो उघडउघड डाव्या विचारांचा झाला. १९४१ पासून तो बॅटमॅनची धनुष्यबाणवाली नक्कल होता: तसाच श्रीमंत, तसाच पोरगेला साथीदार, वर 'ॲरोकार' नावाची गाडीसुद्धा. १९६९ मध्ये लेखकांनी त्याची संपत्ती काढून घेतली आणि त्याच्या तोंडी मते दिली. ती काढून टाकली, तर ग्रीन ॲरोमध्ये धनुष्यबाणापलीकडे उरते काय?

तिरकसचाल
त्या पानाबद्दल पूर्ण आदर ठेवून एक नोंद. ग्रीन लँटर्नने तोपर्यंत अनेक वेळा संपूर्ण पृथ्वी वाचवली होती आणि ते गृहस्थ त्या वेळी पृथ्वीवरच राहत असावेत. वकील सोबत नसला की असे होते.

हिरवीवात
@तिरकसचाल, हा आक्षेप जुना आहे आणि बिनतोडही आहे. पण प्रश्नच असा आहे की पृथ्वी वाचल्यावर त्या गृहस्थांचे घर वाचले का.

शाईकाम
या विषयावर थोडे कामाच्या बाजूने लिहितो, कारण मी काही वर्षे एका लहान नियतकालिकासाठी कॉमिक काढत होतो. चौकटीत तीस-पस्तीस शब्दांहून अधिक मजकूर गेला की चित्र गुदमरते, हे मी नुकसान सोसून शिकलो. माझ्या नायकाचे मत मी दुसऱ्याच पानावर, दोन मोठ्या फुग्यांत, स्वच्छ शब्दांत लिहिले होते. त्यासाठी मागच्या आकृत्या कापाव्या लागल्या, नायकाचा उजवा हात तर फुग्याखाली गेलाच. वाचकांची पत्रे आली ती सगळी मला उद्देशून होती. नायकाशी भांडणारा एकही वाचक मिळाला नाही, कारण तो मुळी तिथे नव्हताच, मीच मुखवटा घालून बोलत होतो.

याचे मोठे उदाहरण म्हणजे स्टीव्ह डिटको. स्पायडर-मॅनच्या निर्मात्यांपैकी एक आणि विलक्षण ताकदीचा चित्रकार. आयन रँड या लेखिकेच्या कट्टर व्यक्तिवादी तत्त्वज्ञानाचा त्याच्यावर खोल परिणाम होता. १९६७ मध्ये त्याने 'मिस्टर ए' निर्माण केला. चांगले आणि वाईट यांच्यामध्ये करड्या रंगाची जागाच नाही, असे मानणारा हा नायक अर्धे पांढरे आणि अर्धे काळे असे एक कार्ड ठेवून जातो. ते कार्ड ही अप्रतिम कल्पना आहे, कारण एका चौरसात सगळा विचार मावला. पण पुढे पाने उलटत गेलो की फुगे वाढत जातात, माणसे आखडत जातात आणि काही पानांवर चित्रे व्याख्यानाच्या कडेला लावलेल्या वेलबुट्टीसारखी दिसू लागतात. डिटकोचे मत मला पटत नाही, पण माझी तक्रार मताबद्दल नाही, जागेबद्दल आहे.

अर्धविराम
शाईकाम यांच्या प्रतिसादाला जोड. मिस्टर ए आणि डिटकोचाच दुसरा नायक 'द क्वेश्चन' यांच्यावरूनच लेखक ॲलन मूरने 'वॉचमेन' या कॉमिकमधला (१९८६-८७) रॉर्शाक हा मुखवटाधारी नायक उभा केला. त्याच्या मुखवट्यावरचे काळे डाग सतत आकार बदलतात, पण पांढऱ्यात कधी मिसळत नाहीत. म्हणजे डिटकोचे ते कार्डच त्याने तोंडावर चढवले आहे. मूरची स्वतःची मते या पात्राच्या अगदी विरुद्ध टोकाची, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, रॉर्शाक जिवंत वाटतो. लेखकाला न पटणारे मत पात्राला दिले की लेखक वकिली करत नाही, तपासणी करतो.

एकवाचक
आणि तरी असंख्य वाचकांनी रॉर्शाकलाच आदर्श मानले, याचे मूरला आयुष्यभर वैषम्य वाटत आले. त्यामुळे "वाचक निष्कर्ष काढतो" यावर फार विसंबू नये.

जुनाअंक
एकवाचक यांच्याशी सहमत. गुन्हेगारांना स्वतःच ठार मारणाऱ्या पनिशरचे उदाहरण तर ताजे आहे. १९७४ मध्ये स्पायडर-मॅनच्या अंकात तो आला तो प्रतिपक्षी म्हणून. पुढे त्याच्या छातीवरची कवटी पोलिसांच्या गाड्यांवर आणि सैनिकांच्या गणवेशांवर दिसू लागली. त्याच्या निर्मात्यांपैकी एक, गेरी कॉनवे, यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला, आणि अखेर २०१९ मधल्या एका अंकात खुद्द पनिशर पोलिसांच्या गाडीवरचे ते चित्र फाडून टाकतो आणि आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे पाहा, असे त्यांना सांगतो. चित्रातून सांगितलेले लोकांनी उलटे घेतले म्हणून शेवटी फुग्यातच लिहावे लागले. शाईकाम यांच्या नियमाला हा अपवाद म्हणावा की पराभव, हे मला ठरवता आलेले नाही.

निळीशाई
एका पूर्ण फसलेल्या प्रयोगाची आठवण करून द्यावीशी वाटते. 'हॉक अँड डव्ह', १९६८. तोही डिटकोचाच, स्टीव्ह स्कीट्सबरोबर केलेला. दोन भाऊ, एक युद्धाचा समर्थक, दुसरा शांततावादी. वडील न्यायाधीश आणि दोन्ही मुलांच्या टोकाच्या मतांवर नाराज. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना याहून थेट मांडणी नव्हती. पण कथा सुरू झाली की अडचण उघडी पडते: हाणामारीच्या माध्यमात शांततावादी नायकाने करायचे काय? बिचारा डव्ह बहुतेक वेळ वार चुकवत राहतो. स्वतंत्र मालिका सहा अंकांत आटोपली आणि पुढे 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या डीसीच्या मोठ्या मालिकेत डव्हला मारून टाकले. १९८८ मध्ये जोडी परत आली तेव्हा डव्हच्या जागी एक तरुणी होती आणि दोघांची शक्ती आता सुव्यवस्था आणि अनागोंदी या वैश्विक तत्त्वांकडून येत होती. युद्ध आणि शांतता हा माणसांचा वाद होता, तो देवांकडे सोपवून मोकळे झाले. ती १९८८ ची मालिका वाचायला जास्त बरी आहे, हे मात्र खेदाने कबूल करतो.

तिरकसचाल
थोडे अवांतर: सुपरमॅन मतदान करतो का? क्लार्क केंट म्हणून केले तर ओळख खोटी, सुपरमॅन म्हणून केले तर परदेशी जन्म. शिवाय क्ष-किरण दृष्टीच्या माणसापुढे गुप्त मतदानाला अर्थ काय उरतो?

अर्धविराम
हे दिसते तितके अवांतर नाही. १९४२ मध्ये वृत्तपत्रातल्या सुपरमॅनच्या चित्रपट्टीत क्लार्क सैन्यभरतीला जातो आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास होतो, कारण उत्साहाच्या भरात तो भिंतीपलीकडच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवतो. हा विनोद लेखकांना नाइलाजाने करावा लागला. १९४० मध्ये 'लुक' मासिकासाठी त्यांनी दोन पानांत दाखवले होते की सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन दोघांना गचांडी धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभे करतो. दोन पानांत युद्ध संपले! मग दर महिन्याच्या अंकात तो तसे का करत नाही, याचे उत्तर हवे होते, आणि ते डोळ्यांच्या तक्त्यात सापडले.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ इथे आहे. सामान्य माणसाचे मत म्हणजे एक मत. जो डोंगर उचलतो त्याने मत बाळगले आणि ते अमलात आणले नाही, तर तो ढोंगी ठरतो, आणि अमलात आणले तर हुकूमशहा ठरतो. मार्क ग्रुएनवाल्डची 'स्क्वॉड्रन सुप्रीम' (१९८५-८६, बारा अंक) हीच गोष्ट सांगते. नायक ठरवतात की आता भूक, गुन्हे आणि शस्त्रे संपवायची, आणि त्यासाठी देशाचा कारभार हातात घेतात. हेतू चांगला आहे, बरेचसे साधतेही. पण गुन्हेगारांचे स्वभाव यंत्राने बदलायला सुरुवात होते आणि त्यांच्यातलाच एक, नाइटहॉक, बंडाला उभा राहतो. तुलनेने मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशन कंपनीची 'सिव्हिल वॉर' (२००६-०७) मला उथळ वाटते. नायकांनी सरकारदरबारी नोंदणी करावी की नाही हा खरा राजकीय प्रश्न होता, पण तो आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका यांच्या मारामारीत विरून गेला.

हिरवीवात
'सिव्हिल वॉर'बद्दल तीव्र असहमती, पण त्यावर वेगळा धागा काढू.

जुनाअंक
नागरिकत्वाचा विषय निघालाच आहे म्हणून. २०११ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या ९०० व्या अंकातल्या एका छोट्या कथेत सुपरमॅन तेहरानमधल्या निदर्शकांमध्ये चोवीस तास नुसता उभा राहतो. एक शब्द बोलत नाही. इराणचे सरकार त्याला अमेरिकेचा हस्तक मानून ही युद्धाची कृती ठरवते, तेव्हा आपण अमेरिकन नागरिकत्व सोडणार असल्याचे तो सांगतो. अमेरिकेत यावरून गदारोळ झाला. त्याच वर्षी डीसीने आपले सगळे विश्व नव्याने सुरू केले आणि तो निर्णय विरून गेला.

पात्रे कंपनीच्या मालकीची आहेत आणि लेखक बदलत राहतात, हे आपण विसरतो. १९५४ मध्ये कॅप्टन अमेरिकाला कम्युनिस्टांचा कर्दनकाळ म्हणून तीन अंक चालवले. ते चालले नाहीत. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने उलगडा केला की तो खरा कॅप्टन नव्हताच, तोतया होता आणि पुढे त्याचे डोके फिरले. आदल्या लेखकाने दिलेली विचारसरणी पुसण्याचा इतका चतुर मार्ग दुसरा नसेल. १९७४ मध्ये, वॉटरगेट प्रकरणामुळे राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले त्या वर्षी, याच एंगलहार्टने कॅप्टनला एका कटाच्या सूत्रधारामागे थेट व्हाइट हाऊसमध्ये नेले. त्या सूत्रधाराचा चेहरा दाखवला नाही, दाखवण्याची गरजही नव्हती. कॅप्टनने पोशाख उतरवला आणि काही काळ 'नोमॅड', म्हणजे देश नसलेला माणूस, हे नाव घेतले. आणि १९८० मध्ये, २५० व्या अंकात, त्याला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी देऊ केली तेव्हा त्याने ती नाकारली. या तिन्ही कॅप्टनांना एकच विचारसरणी कशी लावणार?

पानकोपरा (धागाकर्ता)
सर्वांचे आभार. माझे मत थोडे हलले आहे, त्याचे श्रेय हिरवीवात यांना. त्यांचा प्रतिसाद वाचून मी ती ओनील-ॲडम्स यांची मालिका काल रात्री पुन्हा काढली. ७६ वा अंक आजही मला भाषणबाज वाटला. पण मी ८५ आणि ८६ हे १९७१ चे अंक विसरलो होतो. ग्रीन ॲरो गावोगाव फिरून समाजाला त्याची जबाबदारी समजावत असताना त्याने वाढवलेला मुलगा स्पीडी हेरॉइन टोचू लागलेला असतो आणि ॲरोला त्याचा पत्ताच नसतो. कळते तेव्हा हा करुणेचा पुरस्कर्ता काय करतो? त्या मुलाला मारतो आणि घराबाहेर काढतो. मतांशिवाय हा प्रसंग फक्त एका रागीट पालकाचा झाला असता. त्याची मते आपल्याला तोंडपाठ आहेत, म्हणून ती थप्पड आपल्याला बसते. 'डिसिजन्स'मध्ये याच ग्रीन ॲरोची तीच मते होती, पण त्याच्या घरात काही घडत नव्हते.

शाईकाम
आता अंक हातात आहेतच तर ८७ वाही पाहा. त्यात जॉन स्टुअर्ट पहिल्यांदा येतो, डीसीचा पहिला कृष्णवर्णीय ग्रीन लँटर्न. अंगठी मिळाल्यावर तो पूर्ण पोशाख चढवतो आणि मुखवटा मात्र काढून टाकतो. मी मुखवटा घालणार नाही, असे सांगतो. फुगा लहान आहे आणि चेहरा पूर्ण दिसतो.

पानकोपरा (धागाकर्ता)
पाहिला. उजवा हातही दिसतो.